अण्णाच्या डिस्कमधलं एक गाणं

अण्णाला लकवा मारल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी एकटीनं त्याच्या दुकानाचं शटर उघडलं. दुरुस्तीला आलेले मोबाइल पडून होते, ते ज्याचे त्याला देऊन टाकायचे होते. कर्नाटकाच्या हद्दीवरच्या आमच्या कमलनगरच्या बसस्टँडसमोरचं ते दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. अण्णा माझा मोठा भाऊ. मी इथल्याच मराठी शाळेत शिकवते आणि त्याच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहते. त्या दुकानात बसून त्यानं इतकी वर्षं एकच काम मन लावून केलं, ते म्हणजे लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून देणं.

आता ज्याच्या त्याच्या फोनवर सगळं वाजतं, म्हणून कुणाला खरं वाटायचं नाही. पण एके काळी जीपवाले त्याच्या पायरीवर नंबर लावून बसायचे. औरादच्या क्रुझरवाल्याला तेलुगू गाणी लागायची. उरुसाला निघालेल्यांना कव्वाली, कुणाला कन्नड वचनं, कुणाला लग्नातला बँड, आमच्या वस्तीतल्यांना भीमजयंतीची गाणी. अण्णा कुणाला नाही म्हणायचा नाही. शिवाय त्याला एक खोड होती. कार्ड हातात आलं, की त्यात आधीचं जे काही असेल ते तो अगोदर आपल्याकडं उतरवून घ्यायचा आणि मगच नवं भरायचा.

"कामून एवढं गोळा करायलास?" मी एकदा त्याला विचारलं होतं.

"कुणाला कवा काय लागंल, सांगता येतंय का?" तो म्हणाला.

तर त्या दिवशी मी मोबाइल वाटत बसले होते, तेव्हा ठाणाकुशनूरचे अप्पा आले. अप्पा म्हणजे माझे कुणी नव्हेत. सत्तरीच्या पुढचा, धुवट धोतर नेसलेला माणूस, आणि आमच्याकडं अशा माणसाला अप्पाच म्हणतात. त्यांनी खिशातून बटणाचा फोन काढला आणि समोर ठेवला.

"अण्णा न्हाईत का?"

मी सांगितलं. उजवी बाजू गेलीय, वाचाही गेलीय, बिदरहून घरी आणलंय. त्यांनी फोन परत हातात घेतला. मग म्हणाले, "मग आता कसं व्हायचं ओ, बाई?"

त्यांची बायको मागच्या वर्षी वारली होती. ती पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, विहारात दुपारी बायका जमल्या की गायची. गाणं तिनंच जुळवलेलं, जात्यावरच्या चालीचं, लेकीच्या शाळेवरचं. अण्णा एकदा तिथं अँप्लिफायर दुरुस्त करायला गेला होता, तेव्हा त्यानं ते आपल्या मोबाइलवर भरून घेतलं आणि अप्पांच्या कार्डात टाकून दिलं. बायको गेल्यावर अप्पा ते रोज ऐकायचे. मग एक दिवस म्हशीला पाणी पाजताना फोन हौदात पडला. फोन वाळवून चालू झाला, कार्ड मात्र गेलं.

"अण्णाकडं असतंयच की. त्यांनी मला सांगितलं होतं, अप्पा, काळजी करू नका, माझ्यापाशी हाय म्हणून. तेवढं हुडकून द्या."

मी हो म्हणाले. मला काय ठाऊक होतं? मला वाटलं, संगणक लावायचा, नाव बघायचं आणि द्यायचं.

दुकानाचं भाडं किती दिवस भरायचं म्हणून वहिनीनं तसंही ते सोडायचं ठरवलं होतं. संगणक आणि त्याला जोडलेली डिस्क आम्ही घरी आणून अण्णाच्या पलंगासमोर टेबलावर मांडली. संध्याकाळी मी अण्णाला अप्पांचं सगळं सांगितलं. अण्णाला ऐकलेलं समजत होतं. तो एकदम ताठ झाला. डोळ्यांत ओळख आली. डावा हात संगणकाकडं करून तो मोठ्यानं म्हणाला, "पलीकडं!"

लकव्यानंतर त्याच्याजवळ तेवढा एकच शब्द राहिला होता. चहा पाहिजे असला तरी पलीकडं, उशी सरकवायची असली तरी पलीकडं. पण त्या दिवशी त्यानं तो ज्या जोरानं म्हटला, त्यावरून त्याला गाणं कुठं आहे ते पक्कं माहीत होतं, याबद्दल मला शंका राहिली नाही.

मी डिस्क उघडली. आत हजारो फोल्डर. नावं त्यानं गिऱ्हाइकावरून दिलेली : लाल क्रुझर, बांगडीवाली, वीटभट्टी, नवरदेव खजुरी, कंडक्टर, बघायचं, बघायचं दोन. कुशनूर नावाचे तर अकरा फोल्डर होते. ते बघून मला हायसं वाटलं आणि मी त्या अकरांपासूनच सुरुवात केली. आतल्या फायलींना ट्रॅक एक, ट्रॅक दोन, किंवा नुसते आकडे. त्या अकरांत अप्पांच्या बायकोचं गाणं नव्हतं. एकूण फायली किती, म्हणून मी संगणकाला मोजायला सांगितलं, तर तो बराच वेळ नुसता मोजतच राहिला. शेवटी आकडा आला, तो चार लाखांच्या वर होता. तारखेवरून काढावं म्हटलं, तर जुनी डिस्क नादुरुस्त झाल्यावर अण्णानं सगळं एकाच दिवशी नव्या डिस्कवर हलवलेलं. सगळ्यांची तारीख एकच.

"पलीकडं," अण्णा म्हणत होता.

पलीकडं म्हणजे कुठं? मी टेबलाचा दुसरा खण बघितला. वहिनीनं भिंतीपलीकडच्या खोलीतली ट्रंक उपसली. दुकानाच्या पलीकडच्या चपलांच्या दुकानदाराला विचारून आले. मग वहिनीलाच सुचलं.

"पलीकडं म्हंजी उदगीर तर न्हवं? तिथल्या एका दुकानदाराकडनं हे गाणी आणायचे की."

आमच्या बोलण्यात हद्दीपलीकडं म्हणजे महाराष्ट्र, आणि महाराष्ट्र म्हणजे उदगीर. मला ते एकदम पटलं. रविवारी मी बसनं गेले. दुकान सापडलं, पण तो माणूस आता फोनच्या काचा आणि कव्हरं विकत होता. अण्णाची हकीकत ऐकून त्याला फार वाईट वाटलं. त्यानं मला चहा पाजला, माळ्यावर चढून एक जुनी डिस्क काढली, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली.

"ह्यात आमच्या दोघांचं सगळं हाय बघा. अण्णा मला बी आणून द्यायचा. तुम्हालाच ठेवा."

मी एक गाणं शोधायला गेले होते आणि आणखी तितकीच गाणी पिशवीत घालून परत आले. वहिनीनं ती डिस्क बघितली आणि कपाळाला हात लावला. अण्णानं त्या डिस्ककडं बघितलं सुद्धा नाही.

महिन्याच्या तपासणीला बिदरला गेलो, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, की हा पलीकडं पलीकडं म्हणतो, त्याचा अर्थ काय असेल? त्या समजुतीनं म्हणाल्या, "त्याला अर्थ असेलच असं नाही. मेंदूतून बाकीचे शब्द गेले, एक राहिला, एवढंच. मनात वेगळं असतं आणि तोंडातून तोच निघतो." मी त्यांना उदगीरचं काही सांगितलं नाही. परतीच्या जीपमध्ये अण्णा खिडकीला टेकून बसला होता. मनात मी त्याला विचारत होते, की मग तुझ्या मनात काय आहे रे?

त्यानंतर एकच उपाय राहिला : पहिल्यापासून एकेक लावायचं. शाळेतून येऊन हातपाय धुतले की मी संगणकासमोर बसायची, अण्णाला उशीला टेकवून बसवायची आणि सुरू करायची. दहा सेकंद, पुढचं. दहा सेकंद, पुढचं. स्वयंपाक होईपर्यंत. गणित घालून बघितलं तेव्हा कळलं, की रोज न चुकता बसले तरी मला यातच काही वर्षं जातील. ते गणित मी वहीत केलं होतं. तो कागद फाडून टाकला.

अण्णानं खूण करायची, असं ठरलं होतं. डावा हात वर केला की हे नव्हे, खाली ठेवला की हेच. पण त्याचं हो आणि नाहीही एकमेकांत गुंतलं होतं. मान नकाराची हलायची आणि चेहरा होकाराचा असायचा. एखाद्या धांगडधिंग्याच्या ढोलकीच्या गाण्याला तो हात खाली ठेवायचा आणि मग स्वतःच वैतागून पलंगाच्या पट्टीवर मूठ आपटायचा. कधी एखादं साधंच गाणं लागलं की त्याला रडू फुटायचं. वहिनी पदरानं त्याचं तोंड पुसायची आणि माझ्याकडं बघायची.

"बास कर गं आता. किती छळायलीस त्यांना?"

मी बंद करायची. मग तोच डावा हात उचलून दाखवायचा, लाव.

किती तऱ्हेचं त्यात होतं, ते सांगून संपणार नाही. एकच गाणं चाळीस-चाळीस ठिकाणी. अर्धवट उतरलेली. कुणाच्या तरी लग्नात मांडवातली भांडणं. एका बापानं भरून घेतलेलं बाळाचं रडणं. कुणी माणूस नुसता शेतात उभा राहून खोकला आणि "चालू झालं का रे" म्हणाला, तेवढीच एक फाइल. बँडवाल्यांची सरावाची तासभराची गडबड. कुणाकुणाच्या घरातलं असं माझ्या कानावर पडत होतं आणि मी दहा सेकंदांत त्यांना पुढं ढकलत होते. सुरुवातीला मला थांबून ऐकावंसं वाटे. पुढं पुढं काहीच वाटेनासं झालं. शाळेत मुलं कविता चालीवर म्हणायची आणि माझं बोट दहा सेकंदांनी आपोआप टेबलावर टक् करायचं. पोरं हसायची.

अप्पा दर बाजारच्या दिवशी यायचे. बाजारहाट झाला की पिशवी दारात ठेवून विचारायचे, "गावलं का, बाई?" दोन-तीनदा नाही म्हणताना माझ्या जिवावर आलं, तेव्हा मीच म्हटलं, "अप्पा, तुम्हीच बसा की. तुम्हाला लगेच वळखू येईल."

हे माझंच बोलणं. पुढं जे झालं ते यानं झालं, असं मला वाटतं.

ते बसायला लागले. पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची, गुडघ्यावर दोन्ही हात, मान एका बाजूला कललेली. बाईचा आवाज असलेलं जे जे मी आठवडाभरात बाजूला काढून ठेवायची, ते त्या दिवशी त्यांना ऐकवायची. ओव्या, पाळणे, भजनं, शाळेतल्या मुलींची प्रार्थना. ते ऐकायचे आणि म्हणायचे, "न्हाई. तिचा आवाज जाडसर होता." किंवा, "न्हाई. ती ओळीच्या शेवटाला श्वास घ्यायची." मी ते वहीत लिहून ठेवायची. जाडसर. ओळीच्या शेवटी श्वास. पहिली ओळ, लेक निघाली शाळेला. दुसरी त्यांना आठवत नव्हती. वही बघून मला वाटायचं, आता आपण जवळ आलोय.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. एका संध्याकाळी गिरणी नावाच्या फोल्डरात एक फाइल लागली. पंख्याची घरघर, लांब कुठंतरी पोरांचा कालवा, आणि चार-पाच बायका जात्यावरच्या चालीत गाताहेत. मोबाइल कुठंतरी दूर ठेवलेला असावा. शब्द नीट लागत नव्हते. शाळा हा शब्द मला एकदा ऐकू आल्यासारखा वाटला. मी अण्णाकडं वळून बघितलं. त्यानं डावा हात खालीही ठेवला नव्हता आणि वरही केला नव्हता. डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

"हेच का रे?" मी विचारलं. "अण्णा, हेच का?"

"पलीकडं," तो हळू आवाजात म्हणाला.

वहिनी चुलीपुढून उठून आली. तीही ऐकत उभी राहिली. "बायका एकजुटीनं म्हणल्या की कोणचा आवाज कुणाचा, कसं कळायचं?" ती म्हणाली.

मला मात्र खात्री वाटत होती. बाजाराला अजून चार दिवस होते. ते मी कसे काढले ते मलाच ठाऊक. अप्पा आले, तेव्हा मी त्यांना आधी पाणी दिलं, चहा दिला, मग गाणं लावलं. ते पुढं वाकले. एकदा संपल्यावर म्हणाले, "पुन्ना लावा." पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी एक बोट वर केलं.

"हितं जो वर जायलाय आवाज… तो तिचा."

मी तेवढाच भाग परत लावला.

"व्हय," ते म्हणाले. मग मान हलवली. "न्हाई. तिचा असा न्हवता. पुन्ना लावा."

मी लावत राहिले. किती वेळा ते मी मोजलं नाही. शेवटी त्यांनी हात केला, थांबा म्हणून.

"बाई," ते म्हणाले, "आता मला वळखू येईना झालंय. अगोदर डोळे मिटले की तिचा आवाज कानात यायचा. कार्ड गेल्यावर बी यायचा. आता डोळे मिटले की कुण्याबी बाईचा येतोय. तुम्ही इतके आवाज ऐकवलाव, त्यात तिचा मिसळून गेला."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. घडलं ते त्यांनी सांगितलं. मला मात्र तिथून उठून जावंसं वाटलं. अण्णानं सगळं ऐकलं होतं. तो डावा हात हवेत फिरवत राहिला, जीभ टाळ्याला लावून काहीतरी जुळवायचा प्रयत्न करत राहिला. ओठ वाकडे होत होते, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. त्याला काही सांगायचं होतं. हे गाणं तेच आहे, किंवा हे नव्हे, किंवा ते त्या तमक्या फोल्डरात आहे. यातलं एक काहीतरी त्याला पक्कं माहीत होतं. मी त्याच्या तोंडाशी कान नेला. वहिनीनं त्याचा हात धरला. अप्पाही खुर्चीवरून उठून त्याच्याजवळ आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, अण्णा. तरास करून घेऊ नका."

मी ते गाणं नव्या कार्डात घालून त्यांना दिलं. नको म्हणाले नाहीत. धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेले.

नंतर दोन बाजार ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. मला राहवेना. शाळेला सुट्टी लागल्यावर मी जीपनं ठाणाकुशनूरला गेले. कुणालाही विचारलं तरी घर दाखवण्यासारखं होतं. अप्पा ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसले होते, आणि त्यांची लेक माहेरी आली होती. माझ्याहून थोडी लहान. भालकीला दवाखान्यात नर्स आहे. तिनं मला आत बसवलं. कार्डाचं मी विचारायच्या आधीच अप्पा म्हणाले, "ते मी लावतच न्हाई, बाई. ते लावलं की उगं शंका येतीय."

लेकीला मी सगळी हकीकत सांगितली. ती ऐकता ऐकता खाली बघायला लागली.

"ते गाणं माझ्यावरच होतं," ती म्हणाली. "आई गायला लागली की मला लाज वाटायची. सगळ्यांपुढं माझं नाव घ्यायची ना त्यात. मी उठून बाहेर जायची. शब्द येतात मला सगळे. चाल काही येत नाही."

"म्हणा की," मी म्हणाले.

तिनं म्हटलं नाही, वाचून दाखवावं तसं सांगितलं. सहा ओळी होत्या. लेक निघाली शाळेला, हातामध्ये पाटी. बाप उभा बांधावर, बघतो तिच्यासाठी… असं काहीबाही. भाकरीचा फडका होता त्यात, चिखलाची वाट होती, आणि शेवटी आई अंगठा पुसून सही शिकते असं होतं. मी ते ऐकलं. गिरणी फोल्डरातल्या त्या गाण्याशी ते मनात जुळवून बघायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं, की मलाही आता ते नीट आठवत नाही. अप्पांचे हात डाळीत थांबले होते.

"शब्द बरोबर हायत," ते म्हणाले आणि खडे वेचायला लागले.

संध्याकाळी घरी आल्यावर मी अण्णाच्या पलंगावर बसून त्याला सगळं सांगितलं. लेक भेटली, शब्द मिळाले, अप्पा आता गाणं मागत नाहीत, त्यांना नकोच आहे ते. आता आपण बंद करू, असंही सांगितलं. तो माझ्याकडं बघत होता. त्याला प्रत्येक शब्द समजत होता. माझं बोलणं संपल्यावर त्यानं डावा हात उचलला आणि टेबलाकडं केला.

"अरे, कुणाला नकोय आता," मी म्हणाले. "कुणासाठी लावू?"

त्याचा हात तसाच होता. वहिनी दारात उभी होती. मी उठले, बटण दाबलं आणि गिरणीच्या पुढचं फोल्डर उघडलं. त्यात साडेचारशे फायली होत्या.